पोटातले विरजण सांभाळा

(नभोवाणीच्या शेतकरी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



या कार्यक्रमात आपण बियाणे, खते, फवारणी, जनावरांची निगा अशा विषयांवर नेहमी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज बोलायचे आहे ते पोटाविषयी, पचनाविषयी आणि जुलाब-हगवणीविषयी. चारचौघांत हे बोलायला माणूस संकोचतो. पण ताकाला जाऊन भांडे कशाला लपवायचे? पोट बिघडले की ऐन पेरणीत गडी अंथरुण धरतो, आणि घरात तान्हे मूल असले तर त्याच्या जिवावर बेतते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या.

कडबा पचवतो कोण?

सुरुवात गोठ्यापासून करू. तुमची गाय दिवसभर कडबा खाते आणि त्याचे दूध करते. तोच कडबा माणसाने खाल्ला तर? पचणार नाही. मग गाईला तो कसा पचतो? खरी गंमत अशी की, गाईलासुद्धा तो स्वतःला पचवता येत नाही. तिच्या पहिल्या पोटात, ज्याला कोठीपोट म्हणतात, तिथे डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरहून अधिक माल मावतो. तिथे हे जीव कडब्यातला काष्ठमय भाग आंबवतात, फोडतात, आणि त्यातून जी आम्ले तयार होतात त्यांवर गाय जगते. म्हणजे आपण वैरण टाकतो ती आधी या जिवांना आणि मग गाईला.

माणसाचे पोट गाईसारखे नाही, पण आपल्या मोठ्या आतड्यातही अशीच वस्ती आहे. शास्त्रज्ञांचा २०१६ सालचा अंदाज असा, की आपल्या शरीरात जितक्या पेशी आहेत, जवळजवळ तितकेच जिवाणू आपल्या अंगात राहतात. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. सगळे गोळा करून तागडीत घातले तर सुमारे दोनशे ग्रॅम भरतील. जन्माच्या वेळी आणि त्यानंतर आईच्या अंगावरून, दुधातून, घरातून हे जिवाणू बाळाच्या पोटात शिरतात आणि तिथे वस्ती करतात. दुधात जसे विरजण, तसे पोटात हे जिवाणू. म्हणून मी त्यांना पोटातले विरजण म्हणतो.

जिवाणू म्हटले की आपल्याला रोगजंतू आठवतात. पटकी, विषमज्वर, धनुर्वात हे जिवाणूंमुळेच होतात, हे खरे. पण रानातली प्रत्येक वनस्पती जशी तण नसते, तसा प्रत्येक जिवाणू रोगजंतू नसतो. बरेचसे निरुपद्रवी असतात आणि काही तर आपल्या उपयोगाचे असतात.

हे जिवाणू काय काम करतात?

पहिले काम पचनाचे. ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळीची टरफले, पालेभाजी यांतला चोथा आपल्या पोटातल्या रसांनी विरघळत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून काही सौम्य आम्ले तयार होतात. त्यांतल्या एका आम्लावर आतड्याच्या अस्तरातल्या पेशी पोसल्या जातात. अस्तर धडधाकट राहिले म्हणजे आतड्यातली घाण आणि जंतू रक्तात शिरत नाहीत. याशिवाय के जीवनसत्त्व आणि ब गटातली काही जीवनसत्त्वे हे जिवाणू तयार करतात.

दुसरे काम राखणीचे. तुम्ही पाहिलेच आहे, पीक दाट उगवले की तणाला जागा मिळत नाही. रान मोकळे पडले की हरळी आणि कुंदा माजतो. आतड्यातही तसेच आहे. चांगल्या जिवाणूंनी जागा आणि खाद्य व्यापले, की बाहेरून आलेल्या रोगजंतूला पाय रोवणे अवघड जाते. शिवाय चांगल्या जिवाणूंनी तयार केलेली आंबट आम्ले कित्येक रोगजंतूंना मानवत नाहीत.

तिसरे काम शिकवणीचे. आपल्या शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा भाग आतड्याच्या भिंतीत असतो. त्याचे कारण उघड आहे. बाहेरचे अन्नपाणी रोज तिथूनच जाते, तेव्हा पहारा तिथेच हवा. या पहारेकऱ्यांना घरचा कोण आणि चोर कोण हे लहानपणापासून ओळखावे लागते. ही ओळख आतड्यातल्या जिवाणूंच्या सहवासाने होते. कुत्र्याचे पिल्लू लहानपणी घरातल्या माणसांत वाढले की घरच्यांवर भुंकत नाही, तसेच हे.

हे कळले कसे?

आपल्याकडे दही-ताक पुरातन आहे. पण त्यातल्या जिवाणूंचा शास्त्रीय अभ्यास सुमारे सव्वाशे वर्षांचा. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत इल्या मेचनिकॉफ नावाचे शास्त्रज्ञ होते. रोगप्रतिकाराच्या संशोधनाबद्दल त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आंबवलेल्या दुधातले जिवाणू पोटातली नासाडी थांबवतात आणि आयुष्य वाढवतात, असे त्यांचे म्हणणे होते. आयुष्य वाढण्याची गोष्ट काही सिद्ध झाली नाही. ज्या जिवाणूवर त्यांची भिस्त होती तो आतड्यात कायमचा मुक्काम करत नाही, हेही पुढे दिसून आले. पण उपयोगी जिवाणू मुद्दाम पोटात घालावेत, हा विचार त्यांच्यापासून रुजला.

आज अशा जिवाणूंना ‘प्रोबायोटिक’ म्हणतात. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनी त्याची व्याख्या ठरवली. तिचा मथितार्थ असा: जिवाणू जिवंत हवा, पुरेशा प्रमाणात हवा, आणि त्याने आरोग्याला फायदा झाला पाहिजे. या तिन्ही अटी ध्यानात ठेवा; पुढे उपयोगी पडतील.

आता तुम्ही म्हणाल, फायदा होतो याला पुरावा काय? आपल्या देशातलेच दोन दाखले देतो. ओडिशातल्या खेड्यांत सुमारे साडेचार हजार नवजात बाळांवर एक चाचणी झाली. निम्म्या बाळांना जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच, एक आठवडाभर, निवडक जातीचा जिवाणू आणि त्याचे खाद्य असे मिश्रण देण्यात आले. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ज्या बाळांना मिश्रण दिले नव्हते, त्यांच्यात पहिल्या दोन महिन्यांत अंगात जंतुसंसर्ग भिनणे किंवा बाळ दगावणे असे शेकडा ९ बाळांच्या बाबतीत घडले. ज्यांना दिले, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ५.४ राहिले. ही बाळे अंगावर पिणारी होती आणि सगळे डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले, हे विसरू नका.

दुसरी चाचणी कोलकात्याच्या झोपडवस्तीत झाली. १ ते ५ वर्षांच्या सुमारे पावणेचार हजार मुलांपैकी निम्म्यांना बारा आठवडे रोज जिवाणूयुक्त आंबवलेले दूध दिले. त्या मुलांत जुलाब शेकडा १४ ने कमी झाले. निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. शेकडा १४ म्हणजे काही जादू नव्हे, पण अगदीच टाकाऊही नव्हे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिका आणि कॅनडात जुलाब लागल्यावर मुलांना असे जिवाणू देऊन दोन मोठ्या चाचण्या झाल्या. २०१८ साली त्यांचा निकाल आला: काहीही फरक पडला नाही. यावरून काय शिकायचे? एका जातीचा जिवाणू सगळ्या दुखण्यांवर चालत नाही. बियाण्याचे जसे वाण असतात, तसे जिवाणूंचेही असतात. जिरायती वाण बागायतीत टाकून जमत नाही. म्हणून ‘ही बाटली प्या, सगळे रोग पळतील’ असे कोणी सांगू लागला, तर पैसे खिशातच ठेवा. डॉक्टरांनी एखादे प्रोबायोटिक लिहून दिले तर जरूर घ्या; पण वेष्टनावरची मुदत पाहा आणि सांगितले असेल तसे थंड जागी ठेवा. जिवाणू मेला तर पैसा वाया.

मग घरचे दही कसे?

घरच्या दह्यात जिवंत जिवाणू भरपूर असतात. मात्र प्रत्येक घरच्या विरजणात कोणत्या जाती किती आहेत, हे कोणी मोजलेले नसते. म्हणून दह्याला औषध म्हणू नका, चांगले अन्न म्हणा. त्याचा एक फायदा पक्का ठरलेला आहे. दुधात जी साखर असते ती पुष्कळ मोठ्या माणसांना पचत नाही. दूध प्याले की पोट फुगते, गुरगुरते. दही लागताना जिवाणू ती साखर काही अंशी आंबवून टाकतात, आणि उरलेली पचवायला पोटातही मदत करतात. म्हणून दूध न सोसणाऱ्याला दही-ताक सोसते.

विरजण लावायला आमच्या भगिनींना शिकवायला नको. तरी चार गोष्टी सांगतो.

दूध आधी चांगले उकळा. कच्च्या दुधातून सांसर्गिक गर्भपाताच्या रोगाचे जंतू माणसात येतात, आणि मग ताप, सांधेदुखी महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. उकळलेले दूध कोमट होऊ द्या. बोट सहज सोसेल इतकेच ऊन असावे. कढत दुधात विरजण घातले तर जिवाणू मरतात, आणि गार दुधात घातले तर आळसावतात. लिटरभर दुधाला चहाचे एक-दोन चमचे ताजे विरजण पुरते. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागते. थंडीत रात्रभर लागते; तेव्हा भांडे फडक्यात गुंडाळून चुलीजवळच्या उबेला ठेवा.

भांडे मातीचे, काचेचे किंवा स्टीलचे घ्या. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात दही कळकते आणि विषबाधा होते. दह्याला तार सुटली, बुडबुडे आले, कुजका वास आला, वर हिरवे-गुलाबी डाग पडले, तर ते टाकून द्या आणि विरजण शेजारून नवे आणा.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ताकातले पाणी. दही कितीही चांगले असो, त्यात ओढ्याचे किंवा उघड्या विहिरीचे पाणी घातले तर ताकाबरोबर हगवणही घोटली जाते. पाणी उकळून गार केलेले किंवा टीसीएल पावडरने शुद्ध केलेले वापरा. लग्नकार्यात पिंपभर ताक करतात, तिथे तर हे पाहाच. बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, तेही विचारा.

कढी चविष्ट लागते, पण उकळल्यावर तिच्यात जिवंत जिवाणू राहत नाहीत. इडली-आंबोळीचेही तसेच. ती पचायला हलकी होते ती पीठ आंबल्यामुळे. ज्वारी-नाचणीची आंबील मात्र शिजवून गार झाल्यावर वरून ताक घालून प्या, म्हणजे दोन्ही साधते. दह्यातले जिवाणू पोटात पाहुण्यासारखे येतात, मुक्काम करत नाहीत. म्हणून महिन्यातून एकदा वाडगाभर खाण्यापेक्षा रोज वाटीभर दही किंवा पेलाभर ताक बरे.

आता पाहुण्यांचे झाले, घरच्यांना काय? पोटात आधीच वस्तीला असलेल्या जिवाणूंना खाद्य हवे. ते म्हणजे चोथा. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, हरभरा, तूर, पालेभाजी, कांदा, लसूण, केळी, ही त्यांची वैरण. शिजवून गार झालेल्या पिठूळ अन्नाचाही थोडा भाग न पचता त्यांच्यापर्यंत पोचतो. तेव्हा रात्रीची भाकरी सकाळी ताकात कुस्करून खाणारा आपला म्हातारा काही वेडा नव्हता. नुसता मैद्याचा पाव-बिस्कीट आणि साखरेचा चहा यांवर दिवस काढला, तर हे जिवाणू उपाशी राहतात.

विरजण लागत नाही तेव्हा

आता गोठ्यातला एक अनुभव आठवा. गाईला दगडी होते, कास सुजते. डॉक्टर सडात औषधाची नळी सोडतात. त्यानंतर दोन-तीन दिवसांत त्या गाईचे दूध विरजले तर काय होते? दही लागत नाही. दूध तसेच पातळ राहते. घरात म्हणतात, विरजण बिघडले. विरजण बिघडलेले नसते. कासेत घातलेले प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक औषध, दुधात उतरते आणि ते विरजणातले जिवाणू मारते.

जे त्या पातेल्यात झाले, तेच आपल्या पोटात होते. प्रतिजैविकाची गोळी रोगजंतू मारते, आणि त्याबरोबर पोटातले कित्येक चांगले जिवाणूही मारते. तणनाशक मारले आणि तणाबरोबर पीकही करपले, असा हा प्रकार. म्हणून अशा गोळ्यांनी कित्येकांना जुलाब लागतात.

याचा अर्थ ही औषधे वाईट, असा मुळीच घेऊ नका. विषमज्वर, न्यूमोनिया, क्षय यांत त्यांनीच माणसे वाचतात. डॉक्टरांनी दिली तर सांगितलेल्या वेळी, सांगितलेले दिवस घ्या. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. ती चालू असताना दही-ताक खायला हरकत असते का, हे मात्र त्यांनाच विचारा. काही गोळ्या दुधाच्या पदार्थाबरोबर लागू पडत नाहीत, त्यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे लागते. पण साधी सर्दी झाली, अंग कसकसले, की दुकानातून चार गोळ्या आणून खाणे बंद करा. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर या गोळ्यांचा काही उपयोग नाही. रोग जात नाही, पोटातले विरजण तेवढे मरते. शिवाय पुढे खरी गरज पडते तेव्हा जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत.

गोठ्यातही हाच नियम. पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय इंजेक्शन टोचू नका. औषध दिलेल्या जनावराचे दूध डॉक्टरांनी सांगितलेले दिवस डेअरीला घालू नका, घरी वापरू नका, वासरालाही पाजू नका.

तान्हे बाळ आणि जुलाब

बाळाच्या पोटातले विरजण आईच्या दुधाने लागते. आईच्या दुधात काही विशिष्ट शर्करा असतात. नवल असे, की त्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या कोणासाठी? बाळाच्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंसाठी! आई एकाच वेळी बाळालाही पाजते आणि त्याच्या राखणदारांनाही. म्हणून जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्या. पहिला पिवळसर चीक पिळून टाकू नका. सहा महिने फक्त आईचे दूध. मध, गुटी, वरचे पाणी, दही काही नको. सहा महिन्यांनंतर मऊ वरणभाताबरोबर ताजे दही थोडे थोडे सुरू करता येते.

मूल जुलाबाने बेजार झाले तर दह्याच्या वाटीवर विसंबू नका. जुलाबात मूल दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारो माणसे वाचवली. तोच उपाय आज जलसंजीवनीच्या पाकिटात आहे. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात पाकीट मिळते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा आणि घोटघोट पाजत राहा. आईचे दूध चालू ठेवा. जस्ताच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे, जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करा.

शौचात रक्त पडले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, मूल सुस्त पडले किंवा पोटात काही ठरेनासे झाले, तर तसेच उचलून दवाखाना गाठा. मूल दोन महिन्यांच्या आतले असेल तर वाट पाहूच नका. दही पुढे बरे झाल्यावर आहेच.

गोठ्यातली दोन कामे

वासरू जन्मले की पहिल्या तास-दोन तासांत त्याला चीक पाजा. पहिल्या दिवसभरात मिळून त्याच्या वजनाच्या एकदशांश चीक पोटात जावा. चिकातले रोगप्रतिकारक घटक वासराच्या रक्तात जातात ते जेमतेम पहिल्या दिवसात. पुढे आतड्याचे दार बंद होते. झार पडायची वाट पाहत वासराला उपाशी ठेवणे ही जुनी चाल सोडून द्या.

चारा एकदम बदलू नका. कोरड्या कडब्यावरून हिरव्यावर किंवा खुराकावर नेताना दहा-पंधरा दिवसांत हळूहळू न्या, म्हणजे कोठीपोटातल्या जिवांना नव्या वैरणीची सवय होते. सुटलेल्या बैलाने धान्याचे पोते फस्त केले, तर पोटात आम्ल एकदम वाढून हे जीव मरतात आणि बैलही दगावू शकतो. अशा वेळी घरगुती उपायात वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवा. पोट बंद पडलेल्या जनावराला निरोगी जनावराच्या कोठीपोटातला रस पाजूनही पशुवैद्यक उपचार करतात. ते तरी काय आहे? विरजणच!

एवढे ध्यानात ठेवा

१. पोटातले चांगले जिवाणू अन्न पचवतात, रोगजंतूंना जागा देत नाहीत आणि शरीराच्या पहाऱ्याला शिकवतात.
२. उकळलेल्या दुधाचे ताजे दही किंवा स्वच्छ पाण्याचे ताक रोज थोडे घ्या. जोडीला भाकरी, कडधान्य, पालेभाजी हवीच.
३. डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रतिजैविक गोळ्या खाऊ नका आणि जनावरांना टोचू नका.
४. बाळाला पहिला चीक आणि सहा महिने फक्त आईचे दूध द्या.
५. जुलाबावर पहिला उपाय जलसंजीवनी; दही हे अन्न आहे, औषध नव्हे.

आपल्या बोलण्यात आनंदावर विरजण पडले की ती वाईट गोष्ट मानतात. पोटातले विरजण मात्र नीट लागलेले असावे. घर आणि गोठा दोन्ही त्यावर चालतात. आज घरी गेल्यावर आधी ताकाचे पाणी कुठून भरले जाते ते बघा, म्हणजे या बोलण्याचे सार्थक झाले.